सप्टेंबरमधली बाद चिठ्ठी

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी मी एक चिठ्ठी बाद केली. चिठ्ठीवर तीन नावं होती. त्यांतलं मधलं नाव त्या सिनेमात नाही, असा माझा निकाल होता. निकाल चुकीचा होता, हे सात दिवसांनी उघड झालं. तोवर चिठ्ठी लिहिणाऱ्या काकांनी नागपूरला परत जायचं तिकीट काढलं होतं.

आमचा खेळ साधा आहे. बेंगळुरूत सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत मराठी घरं वीसेक असतील. त्यांतले दहा-बाराजण महिन्यातून दोन रविवारी क्लबहाऊसमध्ये, टेबल टेनिसच्या खोलीशेजारी जमतात. आदल्या खेळाच्या शेवटी जोड्या पाडलेल्या असतात. प्रत्येक जोडी एका जुन्या सिनेमातल्या तीन पात्रांची नावं चिठ्ठीवर लिहून आणते. चिठ्ठी मोठ्याने वाचली जाते आणि बाकीच्यांनी एका मिनिटात सिनेमा ओळखायचा असतो. कोणालाच ओळखता आला नाही तर चिठ्ठी आणणाऱ्या जोडीला दोन गुण.

नियम अनुभवातून आले. नोकराचं नाव चालत नाही, कारण जुन्या सिनेमांत सगळ्या नोकरांना मिळून दोन-तीनच नावं होती. इन्स्पेक्टर आणि डॉक्टर चालत नाहीत, त्यांना नुसतं आडनाव असतं. खलनायक टाळावा, त्याचं नाव उच्चारताच निम्मी खोली उत्तर देते. आईचा प्रश्न येत नाही. तिला बहुधा नावच नसतं. आणि मुख्य नियम: नाव सिनेमात कानावर पडलेलं असलं पाहिजे. वाद झाला तर पंचाचा निकाल शेवटचा.

पंच मी आहे. पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर मी बरीच वर्षं बातम्या तपासल्या, एवढ्या भांडवलावर हे काम माझ्याकडे आलं. खेळलेल्या चिठ्ठ्या डब्यात राहतात आणि वर्षभराने पुन्हा निघतात, म्हणून पात्रांची किंवा सिनेमांची नावं इथे देत नाही.

काका चौऱ्याहत्तर वर्षांचे. नागपूरला वीज खात्यात मीटर तपासायचे. पत्नी वारल्यावर मुलीने त्यांना इकडे आणलं, त्याला तेव्हा पाच महिने झाले होते. सोसायटीत सहा इमारती आहेत आणि सहाही सारख्या दिसतात. पहिल्या दोन महिन्यांत काकांनी दोनदा भलत्याच इमारतीत चौथ्या मजल्यावरची बेल दाबली. दुसऱ्यांदा दार उघडणाऱ्या बाईंनी त्यांना ताक दिलं आणि घरापर्यंत सोडलं. काका ही गोष्ट स्वतःच रंगवून सांगायचे. त्यांची मुलगी मात्र ती ऐकताना हसत नसे. गॅस चालू राहिल्याचा एक प्रकारही घडला होता. तो मला पुढे कळला.

खेळात काका पहिल्या दिवसापासून पुढे होते. एकदा पहिलं नाव वाचताच त्यांनी हात वर केला.

"काका, अजून दोन नावं आहेत," पुण्याहून आलेला एक तरुण म्हणाला. तो सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं काम करतो.

"ठेवा ना जी तुमच्याजवळ. पुढच्या चिठ्ठीला कामात येतील."

उत्तर बरोबर होतं.

सप्टेंबरच्या त्या खेळासाठी त्यांची जोडी अक्कांशी पडली होती. अक्का बेंगळुरूजवळच्या आनेकलच्या. त्यांचं घराणं इकडे कधी आलं ते त्यांनाही नक्की सांगता येत नाही. घरात मराठी, बाहेर कन्नड. बोम्मसंद्र्यात विजेची बटनं तयार करणाऱ्या कारखान्यात त्या तपासणी विभागात आहेत. त्यांची भाची आमच्या सोसायटीत राहते, तिच्यामुळे त्या खेळात आल्या. त्या रविवारी कारखान्यात माल पाठवायची घाई होती, त्यांना कामावर बोलावलं गेलं. चिठ्ठी काकांनी एकट्याने लिहून आणली.

तिन्ही नावं वाचली. मिनिट संपलं. सिनेमा कोणालाच ओळखता आला नाही. काकांनी सिनेमाचं नाव सांगितलं, तेव्हा दोन-तीनजण एकदम ओरडले. सिनेमा त्यांना माहीत होता.

"त्यात या नावाची बाई कुठे आहे?" तरुण म्हणाला.

"हिरोईनच आहे ना जी ती."

"हिरोईनचं नाव वेगळंय, काका. मी लहानपणी आजीबरोबर पाहिलाय."

मी फोनवर शोधलं. पात्रांच्या दोन याद्या सापडल्या, दोन वेगळ्या ठिकाणी. दोन्हींत नायिकेचं नाव तरुण म्हणत होता तेच होतं. डेस्कवर दोन सूत्रांनी दुजोरा दिला की बातमी पुढे जायची.

"पहिल्याच सीनमध्ये तिला हाक मारतात," काका म्हणाले. "लावून पाहा."

सिनेमा इंटरनेटवर होता. क्लबहाऊसच्या टीव्हीवर लावला. नववधू उंबरठ्यावरचं माप ओलांडते, सासू तिला नावाने हाक मारून आत घेते. हाक याद्यांमधल्या नावाने होती.

काका टीव्हीच्या जवळ जाऊन उभे राहिले. "हा पहिला सीन नाही."

"काका, शून्य मिनिटं, शून्य सेकंद," तरुण म्हणाला. "याच्या आधी फक्त साबणाची जाहिरात आहे."

खोलीत हशा झाला. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. मी चिठ्ठी बाद केली आणि वहीत तशी नोंद केली. काकांनी वाद घातला नाही. चष्मा काढून खिशात ठेवला, चहा पूर्ण प्याले आणि पुढच्या चिठ्ठीच्या आधी घरी गेले.

सोमवारी त्यांची मुलगी लिफ्टपाशी भेटली. काकांनी सकाळी तिला नागपूरचं तिकीट काढायला लावलं होतं, पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारचं.

"कायमचं म्हणतायत," ती म्हणाली. "मला म्हणाले, डोकं साथ देत नसेल तर आपल्या घरी असलेलं बरं. तिथे अंधारातसुद्धा बटन सापडतं."

"एका चिठ्ठीवरून?"

"गॅसवरून, बिल्डिंगवरून आणि चिठ्ठीवरून. आधीचं दोन्ही ते नवीन जागेवर ढकलायचे. सिनेमाचं ढकलायला जागाच नाही ना. तिथे त्यांचं कधी चुकलं नव्हतं." मग तिने विचारलं, "डॉक्टरकडे न्यायला हवं का हो?"

नागपुरात ते एकटे राहणार होते. शेजारचं घर विकलं गेलं होतं आणि जवळचे दोघे मित्र आता हयात नव्हते, हेही तिनेच सांगितलं.

शुक्रवारी संध्याकाळी अक्कांना फोन केला. त्यांच्या जोडीचे गुण शून्य कसे झाले, हे सांगणं पंचाचं काम होतं. त्या कारखान्याच्या बसमधून घरी निघाल्या होत्या. मागे गाडीचा आवाज होता, त्यामुळे सिनेमाचं नाव दोनदा सांगावं लागलं.

"तो? तो तर आमच्या मंडळाने दाखवलेला की. देवळाच्या हॉलमध्ये. मी दहा-अकरा वर्षांची असेन."

मी निकालाचं कारण सांगितलं. सिनेमा माप ओलांडण्यापासून सुरू होतो, त्यात ते नाव नाही.

"मापापासून कसा सुरू होईल? त्याच्या आधी नदी आहे, लग्न आहे. पहिलं रीळ तांदळाच्या ताटावर संपलं बघा. नवरा मांडवातच अंगठीने तांदळात बायकोचं नवीन नाव लिहितो, आणि दिवे लागले. रीळ बदलायला प्रत्येक वेळी दिवे लावायचे. आम्ही पोरं ओरडलो, नाव वाचू द्या की म्हणून."

मी विचारलं, नवीन नाव म्हणजे?

"सासरचं. माहेरचं वेगळं होतं. अण्णांनी माहेरचं लिहिलं असेल." अण्णा म्हणजे काका.

फोन ठेवून मी सिनेमा पुन्हा लावला. माप. त्याच्या आधी श्रेयनामावली नव्हती. सिनेमाचं नावही नव्हतं. टाकणाऱ्याने स्वतः टाइप केलेली एक पट्टी तेवढी खाली होती. बातमीची पहिली ओळ गायब असली तर डेस्कवर पहिल्यांदा फोन उचलतात आणि वार्ताहराला विचारतात. पाच दिवसांपूर्वी खोलीत बाराजण होते आणि श्रेयनामावली कुठे आहे, असं कोणीही विचारलं नव्हतं. विचारायचं काम माझं होतं.

तरीही निकाल फिरवायला एवढं पुरेसं नव्हतं. कथेत नाव असणं वेगळं आणि ते सिनेमात ऐकू येणं वेगळं. पहिलं रीळ माझ्यासमोर नव्हतं. समोर होते दोन साक्षीदार, एकाने नागपुरात पाहिलेलं, दुसरीने इकडे. मी अक्कांना पुन्हा फोन केला आणि एकच विनंती केली: काकांशी या सिनेमाबद्दल बोलू नका.

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण जेवायला बोलावते. अप्पांनी घेतलेलं गाण्यांचं पुस्तकही आहे घरात. ते शोधून ठेवते."

काका आधी नाही म्हणाले. मी घरी जाऊन विचारलं, तर म्हणाले, "निकाल लागला ना जी? मग आता काय पाहायचं?" अर्ध्या तासाने अक्कांचा फोन आला आणि ते तयार झाले. जेवणाचं बोलावणं मोडायची त्यांना सवय नव्हती.

रविवारी सकाळी आम्ही बसने निघालो आणि चंदापुऱ्याला बस बदलली. आनेकलच्या बसमध्ये काकांना खिडकी मिळाली. सिनेमाविषयी ते बोलले नाहीत, मीही विषय काढला नाही. वाटेतले विजेचे खांब मात्र त्यांनी बरेच नापास केले.

अक्कांच्या दारापुढे दगडी कट्टा आहे. "या अण्णा, या ताई," त्या म्हणाल्या. "स्वल्प बसा, पाणी आणते." पाणी झाल्यावर मी काय करणार आहे ते दोघांना सांगितलं. काकांना कट्ट्यावर बसवलं, अक्कांना स्वयंपाकघरात पाठवलं. दोघांना एकेक कागद दिला. प्रश्न चार: त्या नावाने हाक कोण मारतं, कुठून मारतं, नायिका तेव्हा कुठे असते, तिच्या हातात काय असतं. आठवत नसेल तर तसं लिहायचं.

"चौकशी बसवली काय माझ्यावर?" काका म्हणाले.

"चौकशी माझ्या निकालाची आहे," मी म्हटलं.

"मग पेन द्या चांगला. हा चालून नाही राहिला."

आतून अक्का ओरडल्या, "ताई, फोडणी करपली तर कोणाच्या नावावर?"

दहा मिनिटांनी कागद घेतले. काकांनी लिहिलं होतं: मैत्रीण. नदीच्या पलीकडच्या काठावरून. पाण्यात उभी. घागर. अक्कांनी लिहिलं होतं: तिची मैत्रीण. नदीच्या पलीकडून. नदीतच. कळशी.

कागद शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा दोघंही वाकून पाहत होते.

"घागर होती," काका म्हणाले.

"कळशी होती, अण्णा. घागर एवढी मोठी, ती पोरगी एवढीशी."

"तीनदा हाक मारली, तेव्हा तिने मागे पाहिलं."

"दोनदा."

"तीनदा ना जी! मी मोजलं काय उगाच?"

"असू दे की. पाणीच भरायचं होतं."

हाका दोन की तीन, हे आजही ठरलेलं नाही. तशी नोंद वहीत आहे. बाकी जबान्या जुळल्या. मग अक्कांनी पुस्तक आणलं. पूर्वी थिएटरात गाण्यांच्या अशा पातळ पुस्तिका विकत मिळायच्या. ही त्यांच्या वडिलांनी मंडळाच्या त्या खेळाला घेतलेली. पहिल्या पानावर कथा थोडक्यात दिलेली होती. पहिल्याच ओळीत नायिकेचं माहेरचं नाव होतं, चिठ्ठीवर होतं तेच. सासरी नाव बदलल्याचा उल्लेख चार ओळी खाली होता. पात्रपरिचयाच्या पानावर मात्र फक्त सासरचं नाव छापलं होतं. इंटरनेटवरच्या दोन्ही याद्या याच पानावरून उतरल्या असाव्यात. तसं असेल तर माझी दोन सूत्रं एकच होती. याचा पुरावा माझ्याकडे नाही.

काकांनी चष्मा लावून पहिलं पान दोनदा वाचलं.

"नाव बदलल्याचं मला साफ आठवत नव्हतं," ते म्हणाले. "पण हे नाव होतं, एवढं ठाम होतं. टीव्हीवर सासू दुसरंच म्हणाली तेव्हा मला वाटलं, झालं. हेही गेलं."

अक्का पानं वाढत होत्या. रागी मुद्दे म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, सारू म्हणजे पातळ आमटी, आणि काकडीची कोशिंबीर. काकांनी मुद्द्याकडे पाहिलं.

"हे चावायचं काय?"

"नाही. मोडायचं, सारूत बुडवायचं, गिळायचं. चावलं तर गावात नाव जाईल तुमचं."

त्यांनी पहिला घास चावला. अक्कांनी डोक्याला हात लावला. दुसरा गिळला.

जेवता जेवता अक्का म्हणाल्या, "माझंही बदललं बघा. पहिलं वर्षभर कोणी हाक मारली की मी ओच देत नसे. सासूला वाटलं, सून बहिरी आहे." मग विचारलं, "तुमच्याकडे बदललेलं का, अण्णा?"

"बदललं होतं. आईनं ठेवलं होतं नवीन." काकांनी घास मोडला. "मी घरात जुन्याच नावानं हाक मारायचो. आई चिडायची. हा सिनेमा आम्ही लग्नानंतर पहिला पाहिला. बाहेर आल्यावर ही म्हणाली, त्या बाईचं जुनंच नाव चांगलं होतं."

सारू आणखी हवं का, असं अक्कांनी विचारलं. काकांनी हवं म्हटलं.

परतीच्या बसमध्ये मी दुरुस्तीचा मजकूर फोनवर लिहिला आणि काकांना दाखवला. दैनिकात दुरुस्ती छापताना आम्ही आधी संदर्भ देत असू, मग कारण, शेवटी दिलगिरी. काकांनी फोन हातात धरून वाचलं.

"हे उलटं आहे," ते म्हणाले. "चिठ्ठी बरोबर होती, हे आधी टाका. माणूस चौथ्या ओळीपर्यंत जाऊन नाही राहिला आजकाल."

मी क्रम बदलला. संध्याकाळी खेळाच्या व्हॉट्सॲप गटावर गेलेला मजकूर असा होता: "दुरुस्ती. गेल्या रविवारी बाद केलेली चिठ्ठी बरोबर होती. मधलं नाव नायिकेचं माहेरचं नाव आहे. इंटरनेटवरच्या प्रतीत पहिलं रीळ नाही, हे पंचाच्या लक्षात आलं नाही. काका आणि अक्कांच्या जोडीला दोन गुण दिले आहेत. पंच दिलगीर आहे."

तरुणाचं उत्तर दोन मिनिटांत आलं. "काका, सॉरी. माझं काम चुका शोधायचं आणि चूक टीव्हीवर समोर चालू होती. पुढच्या वेळी भडंग माझ्याकडून." त्याखाली आणखी नऊजणांनी काही ना काही लिहिलं. काका गटावर लिहीत नाहीत. त्यांनी मुलीकडून एक ओळ टाकून घेतली: भडंगात शेंगदाणे जास्त घालावेत.

तिकिटाचं काय, हे मी त्यांना विचारलं नाही. दोनदा वेळ होती, एकदा बसमध्ये आणि एकदा गेटपाशी. गेटपाशी त्यांनी आपणहून सांगितलं की सोमवारी मुलीबरोबर डॉक्टरकडे जाणार आहेत. गॅसचं विचारून घेतो, म्हणाले. चिठ्ठीचं विचारायची गरज नाही.

डॉक्टर काय म्हणाले ते मला माहीत नाही. मुलीने ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मंगळवारी दुपारी तिचा मेसेज आला की शुक्रवारचं तिकीट रद्द केलं आहे. सोसायटीच्या समितीची पत्रं मी पाहते, त्यामुळे बुधवारी आलेला अर्जही माझ्याकडेच आला. पाच महिने काकांची नोंद पाहुणे म्हणून होती. रहिवाशांच्या यादीत नाव घालावं, असा एका पानाचा अर्ज होता. कायमचा पत्ता या रकान्यात आमच्या इमारतीचा पत्ता, चौथ्या मजल्यासह, बरोबर लिहिलेला होता. अक्षर आणि सही काकांची होती.